रिकाम्या ट्रेचं वजन

"त्याच नंबरची चिप मिळेल, थांब जरा," हे बाबांचं पालुपद ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. ती चिप बनवणं कारखान्याने कधीच बंद केलं होतं आणि बाजारात त्या नावाने जे मिळत होतं ते निव्वळ बनावट होतं. पण काटे दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगायचं कोणी? तिकडे इस्पितळात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या खोलीत, दुरुस्तीला आलेला हा वजनकाटा नाही म्हणून सगळं अडलं होतं. तिथल्या सिस्टरचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

"ताई, इथे थेंबाथेंबाचं औषध वजनावर ठरतं. अंदाजाने किती दिवस ढकलू?"

काटा बाबांनीच बनवलेला, तिच्या धाकट्या भावासाठी. तो सातव्या महिन्यातच जन्मला होता. "किलोचा झाला की घरी न्या," असं डॉक्टर म्हणाले होते. ती वेळ आलीच नाही आणि काटा इस्पितळातच राहिला. घरात हा विषय कोणी काढत नसे.

ट्रेखालच्या, वजनाने किंचित वाकणाऱ्या पट्टीतून येणारा क्षीण विद्युतदाब ऑप-अँपची ती चिप कित्येक पटींनी मोठा करायची, म्हणून एका ग्रॅमचाही फरक कळायचा. खोड एकच होती, की ट्रे रिकामा असला तरी काटा थोडं वजन दाखवायचा, आणि ते दरवर्षी वाढत चाललं होतं. "चिप म्हातारी झाली," असं म्हणत बाबा तिला जोडलेला बारीक स्क्रू पिळून आकडा शून्यावर आणायचे. यंदा स्क्रू शेवटाला टेकला आणि चिपही गेली.

पर्याय तिने नीट पारखून निवडला. पाय जुन्या चिपसारखेच हवेत, पंधरा व्होल्ट झेलायला हवेत (हल्लीच्या बहुतेक चिप पाचाच्या पुढे मान टाकतात), आणि उन्हाळा असो की हिवाळा, आकडा जागचा हलता कामा नये. अखेर एक सापडली, स्वतःची चूक स्वतःच क्षणोक्षणी दुरुस्त करणारी.

"हिला स्क्रू कुठे जोडायचा?" बाबांनी विचारलं.

"जोडायचाच नाही. गरजच नाही."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्हाला विचारत बसले असते तर ती बाळं शाळेत गेली असती, बाबा."

ते हसले नाहीत.

तिने चिप डाग देऊन बसवली. पट्टी न जोडता पाहिलं, तर शून्य अगदी खिळ्यासारखं स्थिर होतं. मग पट्टी जोडली. आकडा सावकाश चढू लागला, आठशे, नऊशे, आणि एक हजार चारवर येऊन थांबला. थांबला म्हणजे अगदी थांबला नाही. ट्रेवर जागं बाळ असलं की तो थरथरतो तसा थरथरत राहिला. तिने पट्टी बदलली. आकडा तोच. शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं, तर बरोबर शंभरच वाढले. चिप चोख होती, काटा चोख होता, आणि ट्रे रिकामा होता.

फोन वाजू लागला. सिस्टरच.

"बाबा, असा काटा मी कसा देऊ? एखाद्या बाळाला दुप्पट औषध जाईल!" तिचा आवाज चढला होता.

बाबा आकड्याकडे पाहत होते. "किलोच्या वर," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी शर्टाला हात पुसले, वाकून दोन्ही तळवे ट्रेमध्ये सरकवले, एक जरा वरच्या बाजूला, पसरून, आणि अलगद उचलले.

आकडा शून्यावर आला. तिथेच राहिला.

"सांग तिला, काटा तयार आहे."

तिने फोन उचलला. बाबा खुर्चीत जाऊन बसले होते, कोपर जपून टेकवून.

"आणि दार लोटून घे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वारं लागतंय."