कुलूपबंद घरातलं तापमान

श्यामराव कारखान्यात कारकून होते, पण हुडको वसाहतीत त्यांची ओळख होती ती वेगळ्याच नादामुळे. मागच्या अंगणात त्यांनी कमाल-किमान तापमापक टांगला होता. रोज सकाळी ड्यूटीवर निघायच्या आधी दोन्ही आकडे ते वहीत उतरवायचे. चौदा वर्षं झाली होती. शेजारी हसायचे. मुलगी सरला मात्र अभिमानाने सांगायची, "आमच्या बाबांच्या वहीत एकही दिवस सुटला नाही."

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात मराठी मंडळाने वादविवाद ठेवला. विषय होता, पृथ्वी तापते आहे आणि ती माणसामुळेच. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली सरला बाजूने बोलणार होती, शेजारचा अच्युत विरोधात. पुरावा दोघांनाही तपासता यावा म्हणून सरलाने आठवडाभर आधी वही स्वतः नेऊन त्याला दिली.

सभागृहात तिने आधी हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडबद्दल सांगितलं, मग वही उघडली. "एका अंगणावरून पृथ्वीचा निकाल लागत नाही, हे मला मान्य आहे. पण जगभर जे मोजलं जातंय, त्याच्याशी आमच्या नोंदी जुळतात. मे महिन्यातल्या रात्री पहिल्या सात वर्षांपेक्षा नंतरच्या सात वर्षांत जवळजवळ एका अंशाने गरम आहेत."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतले श्यामराव खाली बघत होते.

अच्युत उठला. "हुडको तेव्हा मोकळं मैदान होतं. आता सगळं सिमेंट. रात्री तापणारच."

"मग समुद्रावरच्या नोंदी कशा चढल्या? तिथे कुठे सिमेंट आहे?" सरला म्हणाली.

अच्युतने तो मुद्दा सोडून दिला. मग त्याने विचारलं, "सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात तुम्ही कुठे होता?"

"अमरावतीला. मावशीच्या माधवीताईचं लग्न होतं."

"एकवीस दिवस घराला कुलूप होतं. किल्ली आमच्याकडे होती, झाडांना पाणी मी घालत होतो. तापमापक मी एकदाही वाचला नाही. मग वहीत त्या एकवीस दिवसांचे आकडे आले कुठून?"

सरलाने वडिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पुढे ती काय बोलली, ते तिला नंतर आठवलं नाही.

घरी येताच तिने विचारलं, "बाबा, ते आकडे?"

"रिकामी जागा बरी नाही दिसत होती, बेटा. थोडे पेपरातून घेतले, बाकी अंदाजाने टाकले."

"असं किती वेळा?"

"गावी गेलो तेव्हा तेव्हा. तुही आजी गेली तेव्हा."

"मग मले कावून नाही सांगतलं? महिनाभर मी तुमच्यासमोर बसून सरासरी काढून राहिली होती!"

"तू सगळ्यांले सांगून राहिली होती, एकही दिवस सुटला नाही म्हणून. कसं सांगू?"

"जागा रिकामी असती, तर मी रिकामी म्हणून सांगतलं असतं. काही बिघडलं नसतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी आईला विचारून विचारून तिने लग्नं, मयती, आईचं नागपूरचं ऑपरेशन, सगळे दिवस शोधून काढले आणि पेन्सिलने खोडले. उरलेल्या आकड्यांची सरासरी काढली. मे महिन्यातल्या रात्री तरीही गरमच होत चालल्या होत्या, फक्त वाढ थोडी कमी भरली. पण उरलेले तरी खरे कशावरून? "ते खरे आहेत," श्यामराव म्हणाले. चौदा वर्षं तिने हेच ऐकलं होतं. तिने मंडळाला पत्र लिहिलं: वहीचा पुरावा मी मागे घेते, बाकीचे मुद्दे कायम आहेत.

पत्राचं कळल्यावर अच्युत दारात आला. "तुझे बाकीचे मुद्दे मले खोडता नाही आले," तो म्हणाला.

"वही आठवडाभर तुझ्याजवळ होती. आधी कावून नाही बोलला?"

"मग मी जिंकलो कसा असतो?"

तिने दार लावून घेतलं. आतून श्यामराव म्हणाले, "पोट्टा चुकलाच. घरचा समजत होतो आपण त्याले."

"त्यानं आकडे नाही बनवले, बाबा," सरला म्हणाली.