अण्णांनी किल्ली मागितलीय

चहात दूध किती घालायचं, यावरून बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या एका घरात हल्ली रोज सकाळी वाद होई. वीणाताई पातेल्यात वाकून म्हणत, “रंग बदलला की पुरे.” अनुसूयाआत्या आपला कप उजेडात धरून म्हणत, “रंग कुठं बदललाय? हा नुसता आजारी पडलाय.” वीणाताईंची दहावीतली लेक अश्लेषा तोच आजारी चहा घटाघटा पिई आणि दप्तर पाठीला लावून चालत शाळेला निघे. शाळेची बस बंद झाली होती. केबल तर त्याआधीच बंद झाली होती, आणि त्याचं दुःख तिनं अजून आवरलेलं नव्हतं.

बोम्मसंद्र्याचा कारखाना बंद पडला तसं हे सगळं सुरू झालं. तिथं यंत्रांवर उभं राहून ज्यांचे केस पिकले, ते अश्लेषाचे वडील वासुदेवराव एका सोमवारी डबा घेऊन गेले आणि भरलेला डबा घेऊन परत आले. मग हिशोबाचे पैसे मिळाले, त्यात त्यांनी एक जुनी पांढरी ओम्नी घेतली. ते अठ्ठ्याण्णव साल. व्हाइटफील्डला काचेच्या इमारती उठत होत्या आणि पुण्या-मुंबईची पोरं कंप्युटरच्या नोकऱ्या धरून शहरात उतरत होती. त्यांना सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. ती मागं बसून साहेबांना मराठीत मनसोक्त नावं ठेवत आणि वासुदेवराव पुढं बसून कन्नड माणसासारखा चेहरा करत.

संध्याकाळची फेरी रोशन मारी, कारण दिवेलागणीनंतर समोरचा झोत वासुदेवरावांच्या डोळ्यांना सोसत नसे. रोशन बिदरकडचा, त्याच कारखान्यात होता. मराठी, कन्नड आणि दखनी एकत्र कालवून बोले. दुपारी यायचा, पाणी प्यायचा, दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढायचा आणि वीणाताईंना “सरी अक्का, निघतो” (सरी म्हणजे बरं) म्हणायचा. रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत तो राहत होता. त्याचं चुलीवरचं आणि ह्या घरचं गॅसवरचं, दोन्ही भांडी त्या एका गाडीवर शिजत होती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ह्या घरात वडिलांना अण्णा म्हणत. पोरगी म्हणे, शेजारी म्हणत, रोशन म्हणे. पण बेंगळुरात दाराबाहेर पाऊल टाकलं की कंडक्टर अण्णा, टोमॅटोवाला अण्णा, पंक्चरवाला अण्णा. रस्ता अडवून बसलेला बैल तेवढा अण्णा नाही. त्या गल्लीत ज्या घरी अण्णा नाही असं घर दाखवून द्या, मी माझी वेणी कापून देईन.

त्या दुपारी अण्णा बॅटरीचं विचारायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात चालत गेले होते. वीणाताई पुण्याच्या पोरांचे डबे पोचवायला गेल्या होत्या. (पोरं म्हणत, “काकू, भाजी छान, पण डोळ्यांतून पाणी येतं.” वीणाताई म्हणत, “येऊ दे, डोळे साफ होतात.”) आत्या आत घोरत होत्या. अश्लेषा मैत्रिणीकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलेला वॉकमन कानाला लावून, डोळे मिटून, सोफ्यावर पाय नाचवत होती.

दारात कुणीतरी उभं राहिलं. तिनं एका कानातलं वॉकमनचं बोंड जरा बाहेर काढलं.

“अम्मा, अण्णा की कोडक्के हेळिद्रु.”

म्हणजे, अण्णांनी किल्ली द्यायला सांगितलंय. गॅरेजातून माणूस येऊन गाडी घेऊन जाणं नवीन नव्हतं. डोळे न उघडताच ती चाचपडत दाराशी गेली, खिळ्यावरची किल्ली काढली, दाराबाहेर हात लांब केला आणि बोंड पुन्हा कानात बसवलं. गाणं अर्ध्यावर होतं ना.

अण्णा परतले ते चालत, घाम पुसत. “गाडी कुठं गेली?”

अश्लेषा ताडकन उठून बसली. वॉकमन तिनं उशीखाली सरकवला. कुणी शिकवलं होतं सरकवायला? कुणी नाही. हात आपोआप गेला.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “मी झोपले होते.”

सहा शब्द. बाहेर पडले तेव्हा कापसासारखे हलके होते.

घटकाभरात गल्ली गोळा झाली. समोरचे भगवंतराव, निवृत्त कारकून, गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल देणारे, आले आणि खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही. वासुदेवराव, किल्ली इथं असते हे बाहेरच्या कुणाला ठाऊक?”

अण्णा रिकाम्या खिळ्याला हात लावून बघत होते.

“तो तुमचा ड्रायव्हर. रुळापलीकडचा ना? मी आपलं सहज म्हणतो.”

अण्णांनी आधी नकारार्थी मान हलवली. पण गाडी गेलेल्या माणसाची मान किती वेळ हलणार? रात्री पोलीस स्टेशनात “कुणावर संशय?” असं विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून रोशनचं नाव निघालं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. अश्लेषाही जेवली नाही. वीणाताईंना वाटलं, पोरगी किती समजूतदार झालीय. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात अश्लेषाला इस्त्रीसारखा लागला.

दुसरा अख्खा दिवस रोशन पोलिसांच्या बाकावर बसून होता. संध्याकाळी सोडलं, तो सरळ इकडेच आला. नेहमी आत येऊन पाणी पिणारा माणूस चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“अण्णा, मी काल दुपारी घरी होतो. पोरगीला ताप होता. बायकोचं कोण ऐकत नाही, म्हणतात बायको म्हणणारच.” त्याचा आवाज बसला होता. “पण तुमची अश्लेषा इथं होती ना? तिला विचारा. मी आलो होतो का? ती सांगेल ते मला कबूल.”

सगळे तिच्याकडे वळले. रोशनही वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसत होती. त्याला साक्षीदार मिळाला होता.

“मी... झोपले होते,” अश्लेषा म्हणाली. “मी कुणालाच बघितलं नाही.”

दुसरं वाक्य तर खरंच होतं. तेच जास्त टोचलं.

रोशननं मान डोलावली. “असेल,” तो म्हणाला. “लेकरू आहे, दुपारची झोप लागते.” आणि गेला. तिची बाजू घेऊन गेला.

तिथून पुढं अश्लेषाला स्वतःचं काहीच सोसेना. टॅक्सी स्टँडवर रोशनला कुणी गाडी देत नाही, असं दूधवाला सांगून गेला. त्याच्या मोठ्या मुलीला वस्तीतली पोरं “ओम्नी, ओम्नी” म्हणून चिडवतात, असं शेजारच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या तानूबाईंनी सांगितलं. अश्लेषा मनाशी म्हणे, उद्या सांगू. उद्या अण्णा जरा सावरलेले असतील. उद्या उजाडला की अण्णा आदल्या दिवसापेक्षा म्हातारे दिसत आणि सांगणं आणखी पुढं जाई. गाडी नव्हती म्हणून सकाळच्या फेऱ्या नव्हत्या, फेऱ्या नव्हत्या म्हणून चहातलं उरलंसुरलं दूधही गेलं. कोऱ्या चहाबद्दल आत्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत्यांनी आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली होती. न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आजकाल बेल वाजली की अश्लेषा दार उघडायच्या आधी तीनदा ओरडे, “कोण? नाव काय? कुणी पाठवलं?” पेपरवाला तर वैतागला होता. आत्या ते बघत राहिल्या.

रविवारी भगवंतराव ओट्यावर येऊन बसले. “मी म्हणतच होतो. त्या वस्तीतली माणसं घरात घ्यायचीच नाहीत.”

“भगवंतराव,” आत्या आतून शेंगा सोलत सोलत बाहेर आल्या, “आमचे वडील निपाणीहून इथं आले तेव्हा ह्याच भागात त्यांना खोली मिळेना. का, तर मराठी माणसं भांडखोर. म्हणे, भाडं बुडवून पळतात.”

“ते वेगळं हो.”

“वेगळं कसं? तेव्हाही कुणी काही पाहिलं नव्हतं. नुसतं आपलं सहज म्हटलं होतं.” त्यांनी एक शेंग मोडली. “मला एक्सचेंजात दिवसभर लोक फोन करायचे. म्हणायचे, ‘मी बोलतोय.’ अहो, मी कोण? नाव सांगा, गाव सांगा. ते कळल्याशिवाय आम्ही जोडून देत नव्हतो. एखादा कॉल चुकीच्या घरी गेला तर आमचा साहेब ओरडायचा. आणि इथं अख्खी चोरी चुकीच्या घरी जोडून दिली, तर कुणाला काही वाटत नाही? गाडी गेली तर गाडी मिळेल, नाहीतर दुसरी मिळेल. त्या माणसानं आपलं नाव कुठल्या गॅरेजात दुरुस्त करायचं?”

“पुरावा नको का बाई? मग किल्ली कुणी घेतली?”

“घेतली नाही. मी दिली!”

अश्लेषा दारात उभी होती. हाताला बेसन लागलेलं, चेहरा पांढरा. एवढे दिवस अडकून पडलेलं एका दमात बाहेर आलं. वॉकमन, गाणं, अण्णा की कोडक्के हेळिद्रु, सगळं.

अण्णा खुर्चीतून उठले. वीणाताईंना वाटलं, आता मारतात. पण ते तसेच उभे राहिले.

“कसा होता तो?”

“मी बघितलंच नाही, अण्णा.”

“उंच? मिशा?”

“मी डोळेच उघडले नाहीत.” ती हमसून रडायला लागली. “मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय.”

मग अण्णा हळूच म्हणाले, “तू न बघता किल्ली दिलीस. मी न बघता नाव दिलं. तू तरी लहान आहेस.” त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. “चल.”

भगवंतराव पुटपुटले, “मी तर आपलं सहज...”

“सहजच म्हणतात सगळे,” आत्या म्हणाल्या आणि त्यांच्यापुढं शेंगांचं सूप ठेवलं. “सोला.”

आधी पोलीस स्टेशन झालं. तिथं अश्लेषाला चांगलं खडसावलं, ते तिला हवंच होतं. मग टॅक्सी स्टँड. तिथं तिनं कन्नडात सगळं सांगितलं. कुणीतरी हसून विचारलं, “ते सरी, पण कोणत्या अण्णांनी मागितली गं?” आणि सगळे खिदळले. ती नाही हसली.

रोशन बाजूला उभा होता. अण्णांनी त्याच्यापुढं हात जोडले. “रोशन, नाव मी घेतलं. मला माफ कर.”

रोशननं ते जोडलेले हात धरून खाली केले. पण “जाऊ द्या” असं तो म्हणाला नाही. तो अश्लेषाकडे बघत होता.

“मला लेकरू वाटली होतीस,” तो म्हणाला. “सांगितलंस, बरं झालं. पण इथं सांगून काय? इथं मी काम करतो. माझी पोरं राहतात ती तिकडं. तिकडं येऊन सांगशील?”

“येते.”

“एका घरात नाही. सगळ्या.”

“सगळ्या,” अश्लेषा म्हणाली.

त्या संध्याकाळी ती रूळ ओलांडून गेली, आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा बरोबर होते. नळावर बायका होत्या, त्यांना सांगितलं. एका म्हातारीला ऐकू येत नव्हतं, तर तिच्यासाठी ओरडून सांगितलं, “रोशनअण्णांनी गाडी नाही चोरली. किल्ली मी दिली, आणि खोटं मी बोलले.” काहींनी मान डोलावली. एक जण म्हणाला, “तू शिकलेली ना गं?” एका घरानं तर तोंडावर दार लावलं. त्याच्यापुढं उभं राहून तिनं बंद दाराला सांगितलं.

ओम्नी काही सापडली नाही. अण्णा आता दुसऱ्याची गाडी चालवतात, आणि संध्याकाळी त्या गाडीवर रोशन असतो, कारण मालकापुढं अण्णा आधी त्याच्यासाठी बोलले, मग स्वतःसाठी. रोशन मात्र अजून घरात येऊन पाणी पीत नाही. ते केव्हा व्हायचं ते त्याच्या मनानं होईल.

मंडळी, आपण सगळे सज्जन आहोत. आपण कुणाची गाडी चोरत नाही. पण चार माणसांत बसून, पत्ता विचारून, भाषा ऐकून, “मी आपलं सहज म्हणतो” असं म्हणत आपण एखाद्याचं नाव उचलून नेतो, त्या चोरीचं काय? आणि जो खरं जाणतो आणि गप्प बसतो, तो त्या चोरीत भागीदार असतो, मग त्याचं वय काहीही असो. आळ पसरवायला एक वाक्य लागतं आणि ते आपोआप घरोघर पोचतं. खरं मात्र पायी न्यावं लागतं, एकेका उंबऱ्यापर्यंत.

त्या संध्याकाळी वस्तीत अंधार पडायला लागला होता. अण्णा म्हणाले, “दमलीस का? उरलेलं उद्या करू.”

“नको,” अश्लेषा म्हणाली. “उद्या नको.” आणि तिनं पुढच्या घराची कडी वाजवली.