आरशाची पेटी

कात्रीकाकांनी सलून बंद केलं तेव्हा खुर्च्या विकल्या, वस्तरे वाटून टाकले, पण आरसे घरी आणले. एक समोरचा मोठा, आणि एक गिऱ्हाइकाला मानेमागची बाजू दाखवायचा, मुठीचा. आरशांच्या जिवावर उभं आयुष्य काढलेला माणूस सख्ख्या भावावर ठेवणार नाही एवढा विश्वास आरशावर ठेवतो. पुढचा सगळा घोटाळा त्या विश्वासातूनच झाला.

काकूंचं बोलणं गल्लीत प्रसिद्ध होतं. त्या भांडायच्या नाहीत, नुसत्या बोलायच्या. समोरचाच आपण भांडणात हरलो असं समजून घरी जायचा. गल्लीची हजामत काकांच्या हातून व्हायची आणि काकांची काकूंच्या तोंडून. मग काकूंच्या घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झालेला कळायला लागला. आता काकू बोटाच्या पेराने टेबलावर ठोकायच्या. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि ठोकणं थांबलंच नाही तर आपलं काय चुकलं ते काकांनी स्वतःच आठवायचं.

ऑपरेशनच्या आधी काकांनी सुचवून पाहिलं होतं, फोनवर काहीतरी बोलून ठेव म्हणून. काकू म्हणाल्या, "काय बोलू? मी काय निवडणुकीला उभी आहे?" विषय तिथेच मिटला.

पण नंतर काकांच्या डोक्यात आलं की आवाज अगदीच गेलेला नाही. मुलाच्या, मुलीच्या, जावयाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षांचे घरगुती व्हिडिओ पडून होते. त्यांत कुठे ना कुठे ही बाई बोलत असणारच. गप्प बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फोनचा काय भरवसा? आज आहे, उद्या पाण्यात. तेव्हा ते सगळं घरात एका जागी आणायचं आणि टीव्हीवर लावून हवं तेव्हा ऐकायचं, एवढाच त्यांचा बेत. तो त्यांनी कुणालाही सांगितला नाही. काकूंच्या कानावर गेला असता तर टेबल फुटलं असतं. सगळ्यांना सांगितलं, आठवणी एकत्र हव्यात. आठवणी म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

विचारलं नाही, पण सल्ले आले. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने व्हिडिओ साठवायची चार डिस्कची एक पेटी सुचवली. ती सिनेमे दाखवणार होती, दारावरच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणार होती, पुसलेली वस्तू महिनाभर कचराकुंडीत जपून ठेवणार होती. तिच्या कामांची यादी ऐकून, ही घरात आल्यावर आपण काय करायचं, असा प्रश्न काकांना पडला. जावयाचं म्हणणं, पेटीबिटी कशाला, सगळं इंटरनेटवर ठेवा. ते नक्की कुठे असतं, असं काकांनी विचारलं, तर जावई वर बघू लागला. मुलगी म्हणाली, बाबांना झेपेल ते घ्या. हा सल्ला सगळ्यांना पटला, कारण त्यात कुणाला काही करायचं नव्हतं.

शेवटी काका स्वतःच दुकानात गेले. दुकानदार सज्जन होता. त्याच्या वडिलांचे केस काकांनी कापलेले. त्याने तीन खोकी मांडली आणि पेट्यांवरच्या दिव्यांचे अर्थ सांगायला सुरुवात केली. काका म्हणाले, साधी दे. ज्यात मला काही समजावं लागणार नाही अशी. तेव्हा त्याने सगळ्यात लहान पेटी पुढे सरकवली. आत दोन डिस्क, तो म्हणाला, आणि ही आरशासारखी चालते, काका. एकीत जे ठेवाल ते दुसरीत आपोआप उमटतं.

"आरसा?" काकांनी विचारलं.

"आरसाच."

बाकीच्या दोन खोक्यांकडे काकांनी पुन्हा पाहिलंही नाही. दुकानदार आणखी काहीतरी सांगत होता. जपून ठेवायचं असेल तर एक वेगळी प्रत बाहेरही ठेवा, असलं काहीतरी. पण काकांचं कानातलं ऐकायचं यंत्र पंख्याच्या वाऱ्याने शिट्टी घालत होतं आणि मन घरी पोहोचलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे तर आरसा खोक्यासकट मिळत होता.

रविवारी जावयाने पेटी जोडली, सगळ्यांचे फोन गोळा केले आणि त्यांतलं सगळं आत ओतलं. जावई टापटिपीचा माणूस. आता सगळं पेटीत आहेच म्हणून त्याने संध्याकाळपर्यंत सगळे फोन धुऊन पुसून स्वच्छ करून दिले. त्याचं कौतुकही झालं.

सगळे गेल्यावर काका स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले आणि टीव्हीने आपण होऊन पहिला व्हिडिओ सुरू केला. काकांच्या कानांमुळे टीव्हीचा आवाज नेहमी मोठाच असायचा. स्वयंपाकघरातच त्यांना ऐकू आलं: "अहो, हे सुरू कसं करायचं? काळंच दिसतंय सगळं. अहो! कान देता का जरा?"

काकांच्या हातातला तांब्या कलंडला. हो, आलो, असं त्यांच्या तोंडून निघूनही गेलं. ते धावत बाहेर आले तोवर टेबलावर अर्धी सोललेली शेंग होती आणि काकू बाल्कनीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. काकांनी पडद्याकडे न पाहताच रिमोट उचलून टीव्हीचं तोंड बंद केलं. पाठमोऱ्या काकूंनी कठड्यावर ठोकलं. दोनदा.

त्या दिवसापासून घरात व्हिडिओ मुके चालले. हेडफोन काकांच्या यंत्रावर बसत नव्हता आणि काकू घराबाहेर पडत नव्हत्या. काकांनी मनाशी ठरवलं, घाई नाही. माल पेटीत आहे, वर त्याचा आरसा आहे. कधीतरी ही तपासणीला जाईल, तेव्हा दार लावून पोटभर ऐकू. गोड घास शेवटी खाणाऱ्या मुलासारखे ते त्या दिवसाची वाट पाहू लागले.

त्याआधी पेटी भरली. साधी पेटी ती, पोटही साधंच. तिचा दिवा नारिंगी झाला आणि मुलीने पाठवलेले नातवाचे नवे व्हिडिओ आत जाईनात. मुलाने फोनवर उपाय सांगितला: ज्यात काही दिसत नाही ते उडवा, बाबा, निम्मी जागा मोकळी होईल. यात काकांना कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती. नको ते काढून टाकून उरलेल्याला रूप देणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा. ते रोज दुपारी टीव्हीसमोर बसले आणि काकूंच्या मनाला लागू नये म्हणून आवाज बंद ठेवून छाटणी करत राहिले. नुसतीच फरशी दिसणारे गेले. अंधार गेला. छताचा पंखा, कुणाचा तरी अंगठा, पदराची कड, उलटी खुर्ची, सगळं गेलं. पेटी दर वेळी विचारायची, नक्की पुसू का? काका म्हणायचे, पूस. माणसं स्पष्ट दिसणारे, हात स्थिर असलेले, चांगल्या उजेडातले व्हिडिओ तेवढे राहिले. दिवा पुन्हा हिरवा झाला. बऱ्याच दिवसांनी एखादं डोकं मनासारखं कापून झाल्याचं समाधान काकांना मिळालं.

मग मुलगी येऊन काकूंना तपासणीला घेऊन गेली. काकांनी दार लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज पूर्ण सोडला.

पहिल्या व्हिडिओत नातू पहिलं पाऊल टाकत होता. काकू मागे दिसत होत्या, तोंड उघडत होत्या, तेवढ्यात अगदी जवळून एक पुरुषी आवाज आला: "श्श! बोलू नकोस, रेकॉर्डिंग चालू आहे." काकूंनी तोंड मिटलं. दुसऱ्यात मुलीचं नवं घर, खिडकी दाखवत काकू काहीतरी सांगू लागल्या आणि तोच आवाज म्हणाला, "अगं, मध्ये बोलू नकोस, सगळं खराब होतं." तिसऱ्यात नुसताच "श्श". जिथे जिथे चित्र चांगलं होतं तिथे तिथे फोन काकांच्या हातात होता. वस्तरा धरलेला हात तो, हलत नव्हता. आणि आयुष्यभर ज्या बाईने त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही, तिने एवढं एकच निमूट ऐकलं होतं.

काकूंच्या हाती फोन असायचा तेव्हा मात्र त्या बोलायच्या. फरशीकडे, पंख्याकडे, अंधाराकडे फोन धरून त्या बोलतच राहायच्या.

काकांनी दुकानदाराला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कचराकुंडी असलेली मोठी पेटी नव्हती ना घेतली? फोनमध्ये तरी असेल. काका म्हणाले, फोन पुसले. आणि मग विचारलं, "पण दुसरी डिस्क आहे ना? तिच्यात असेल की. आरसा आहे ना तो?"

"आरसाच आहे, काका," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "समोरचं गेलं की आरशातलंही जातं."

काकांनी फोन ठेवला. गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की आरशात रिकामी खुर्ची उरते, हे चाळीसेक वर्षं ते रोज बघत आले होते. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दाराचा आवाज यंत्रात नीट आला नाही. त्यांनी मान वळवली तेव्हा काकू आत येऊन उभ्या होत्या. मुलगी खालूनच गेली होती. टीव्हीवर नातू पुन्हा पाऊल टाकत होता. काकूंनी हातानेच विचारलं, काय झालं?

काका म्हणाले, "तुझा आवाज…" आणि पुढचं वाक्य त्यांना जुळवता येईना. टीव्हीने ते पूर्ण केलं. "श्श! बोलू नकोस."

काकूंनी ते ऐकलं. त्यांनी ठोकलं नाही. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, काकांच्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्हीतला त्यांचा आवाज बंद केला. मग दोघं बघत बसले. चित्र स्वच्छ होतं. पेटीवरचा दिवा हिरवा होता.