अयूबभाईंचा भोंगा

मित्रांनो, कुरखेड्याच्या आठवडी बाजारात तुम्ही कधी आला असाल, तर मी दिसायच्या आधीच तुम्हाला ऐकू आलो असेन. ब्लँकेट आणि चादरी विकणाऱ्या अयूबभाईंच्या टेम्पोवर बांधलेला जुना भोंगा म्हणजे मीच.

माझा जन्म नागपूरच्या एका लहान कारखान्यात झाला. पातळ पत्रा साच्यावर दाबून मला हा धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला गेला. चंद्रपूरच्या अयूबभाईंचा घसा ओरडून ओरडून बसायचा, म्हणून त्यांनी मला विकत घेतलं आणि टेम्पोच्या टपावर तारेनं घट्ट आवळलं. जंगलातल्या रस्त्यांवरचे गचके मी किती खाल्ले, ते माझं मलाच ठाऊक.

शाळेला सुट्टी असली की त्यांची मुलगी नाहीद बाजारात यायची. ती माईक हातात घेई, पण नुसती ओरडत नसे. आधी लोकांकडे बघत राही. एकदा जंगलातल्या गावाहून आलेली धुरपताबाई एक जाडजूड ब्लँकेट चाचपून परत ठेवत होती.

"काऊन बाई, आवडलं नाई का?" नाहीदनं विचारलं.

"आवडलं ना पोरी. पण नाल्यावर धुतलं का उचलतच नाई. अन् वाळाले चार दिस लागते."

पुढच्या खेपेला नाहीदनं वडिलांना हलकी ब्लँकेटं आणायला लावली. ती माझ्यातून बोलली, "बाईमानसाच्या हातानं उचलनारं ब्लँकेट! आज धुवा, उद्या पांघरा!" दुपार व्हायच्या आत टेम्पो रिकामा झाला. अयूबभाईंनी त्या दिवशी माझ्यावरची धूळ आपल्या रुमालानं पुसली. मला वाटलं, हे कौतुक माझंही आहे.

नाहीद मोठी झाली. नागपुरात मार्केटिंग शिकली, तिथंच पांघरुणांच्या एका कंपनीत लागली. मग इंग्लंडमधल्या एका कंपनीनं तिला बोलावलं. तिकडच्या कामाच्या व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा होती, पगार किती हवा तेही ठरलेलं होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. टेम्पो धुता धुता ती वडिलांना समजावत होती.

"अब्बा, दुकानात उभं राहून विकनाऱ्याले हा व्हिसा नाई भेटत. कोन्त्या गावात काय विकाचं, कसं विकाचं, हे जो ठरवते त्यालेच भेटते. मी ते काम करते, हे त्याइले पटलं पायजे."

"विकनं तं विकनंच ना बेटा. त्याच्यात कायचा फरक?"

"तिकडं लय फरक हाय."

अयूबभाई हसले. "मंग कुरखेड्यात कोन ठरवत होतं? मले तं कवाच भेटाले पायजे होता व्हिसा!"

दोघं पोट धरून हसली. दारात उभी असलेली नाहीदची आई, कमरजहाँ, मात्र हसली नाही. लेक जाणार हे तिला कळून चुकलं होतं.

नाहीदला व्हिसा मिळाला. ती गेली. दोन वर्षं बरी गेली आणि मग तिची कंपनी बंद पडली. आता ठरलेल्या मुदतीत दुसरी कंपनी शोधायची, तेच ठरवणाऱ्याचं काम मिळवायचं आणि व्हिसासाठी नव्यानं अर्ज करायचा, नाहीतर परत यायचं. पुष्कळ ठिकाणी तिला साधं विक्रीचं काम मिळत होतं, पण त्यावर व्हिसा मिळणार नव्हता. मुदत संपत आली तेव्हा कुठं एका कंपनीनं हो म्हटलं. तिनं अर्ज केला आणि निकालाची वाट पाहत बसली.

नेमक्या त्याच दिवसांत अयूबभाईंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं.

आमचा टेम्पो अंगणात उभा राहिला. अयूबभाईंची बाज मोकळ्या हवेसाठी त्याच्याशेजारीच टाकलेली असायची, म्हणून फोनवरचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

"अब्बा, मी येते," नाहीद रडत होती.

"अन् अर्जाचं?"

"निकाल लागाच्या आधी देश सोडला तं अर्ज गेला. मंग परत नाई जाता येनार."

"मंग नको येऊ. थंडीत ये. मी बरा होतो तवापर्यंत."

कमरजहाँनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "तू ये नाहीद. अर्ज दुसरा करता येते. बाप कुठून आनशीन?"

 अयूबभाईंनी हात पुढं करून फोन परत मागितला. "कमर, तिले नको बोलू. लय मेहनत केली पोरीनं." आणि फोनवर एवढंच म्हणाले, "बेटा, तू जेवली का?"

मित्रांनो, माझं काम आवाज मोठा करायचं. त्या दिवशी अयूबभाईंचा आवाज किती बारीक झाला होता! मला तो उचलून धरावासा वाटत होता, पण माझी माईकला जोडलेली तार काढून ठेवली होती.

थंडी पडायच्या आधीच अयूबभाई गेले. वडिलांचा जनाजा नाहीदनं फोनवर पाहिला. त्यानंतर आठवडाभरातच तिचा व्हिसा मंजूर झाला. अयूबभाईंच्या भाच्यानं, मुबीननं, ती बातमी सांगितली तेव्हा कमरजहाँ तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

नाहीद आली. आईनं तिला वाढलं, अंथरूण घातलं, पण बोलली नाही. घरात नवीन माल तसाच पडून होता. मुबीन म्हणाला, "एक बाजार करून टाकू." त्यानं टेम्पो काढला. नाहीद बसली आणि कधीही बाजाराला न आलेली कमरजहाँही न बोलता येऊन बसली.

बाजार भरला. नाहीदनं माईक तोंडाशी धरला. माझ्यातून फक्त तिचा श्वास बाहेर पडला. पुन्हा तिनं प्रयत्न केला, पुन्हा नुसता श्वास. लोक थांबून बघू लागले.

कमरजहाँनं तिच्या हातातून माईक घेतला.  "अयूबभाई नाई राह्यले. माल त्याइनंच आनला होता. या."

लोक आले. कुणी भाव केला नाही.

माल संपल्यावर मायलेकी टेम्पोच्या सावलीला बसल्या. "अम्मी, मी याले पायजे होतं," नाहीद म्हणाली.

"हो," कमरजहाँ म्हणाली, "याले पायजे होतं." आणि तिनं लेकीचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या केसांतून हात फिरवत ती बाजार उठेपर्यंत तशीच बसून राहिली.

नाहीद परत गेली. मुबीननं टेम्पोला नवा स्पीकर लावला आहे. मी पडवीत एका खिळ्याला लटकतो. माझ्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं आहे.

मला परत टेम्पोवर बांधा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की तुमच्या घरचं कुणी दूरदेशी कागदांत अडकून वेळेवर पोहोचलं नाही, तर त्याच्या तोंडावर दार लावू नका. ते उशिरा येईल. त्याला चुकलास असं जरूर सांगा, पण जवळ बसवून सांगा.