टकटक करणारा खटका

"दे इकडे, तुला नाही जमायचं!"

हे वाक्य ज्या घरात कधीच बोललं गेलं नाही, असं घर मला तरी ठाऊक नाही. मूल चुकतमाकत काहीतरी करू लागतं आणि आपले हात शिवशिवतात. आपण ते काम त्याच्या हातातून काढून घेतो, झटक्यात उरकतो आणि वर आपण किती मायाळू आहोत म्हणून स्वतःवरच खूश होतो.

टिटवीचे बाबा तर या बाबतीत हाताबाहेर गेलेले होते. विम्याच्या कचेरीत साहेब. टेबलावरचा कागद जरा तिरका दिसला तरी त्यांना चैन पडत नसे. लेक आठवीत गेली, तरी तिच्या पुस्तकांना कव्हरं तेच घालत. शाळेसाठी काढलेलं चित्र "थोडंसं नीट" करून देत, आणि ते थोडंसं होता होता लेकीच्या चित्रातलं काहीच शिल्लक राहत नसे. लेक अखंड बडबड करायची, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. चित्र परत हातात आलं की मात्र ही टिटवी गप्प व्हायची. ते बाबांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर टिटवी विज्ञान मंडळात जायची. जिन्याखालच्या खोलीत एक लांब टेबल, हत्यारांचं कपाट आणि कुणीकुणी दिलेल्या मोडक्या सायकली न् पंखे. तिथे विज्ञानाच्या बाई असत, पण शिकवताना कमी दिसत. मुलं काम करू लागली की त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. कुणी अडलं तर एवढंच विचारायच्या, "आधी चालत होतं ना? मग मधे काय बदललं?"

या वर्षी मंडळानं ग्रंथपाल काकांचं काम हाती घेतलं होतं. वाचनालय पहिल्या मजल्यावर आणि काकांचे गुडघे कुरकुरणारे. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन जिना चढताना बिचारे मधेच कठड्याला टेकायचे. म्हणून मुलांनी जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पुस्तकांचा पाळणा बांधला. वर कठड्यापाशी दोर गुंडाळायचं लाकडी रीळ, त्याला हँडल, आणि खाली टोपली. हँडल फिरवलं की टोपली वर. रिळाच्या बाजूला सायकलचं दातेरी चाक बसवलेलं. टिटवीनं ते महिनाभर खपून जुळवलं होतं. चाक फिरताना टकटक असा मोठा आवाज यायचा.

इकडे पालक समितीचं वेगळंच चाललं होतं. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, "हा ठोकाठोकीचा तास बंद करून त्या वेळात सराव परीक्षा घ्या. मार्क वाढतील!" शनिवारी पालकांनी पाळणा बघायचा आणि मग हात वर करून मंडळाचं काय करायचं ते ठरवायचं, असं ठरलं. टिटवीच्या बाबांचाही कल सराव परीक्षेकडेच होता. पण चार लोकांत आपल्या लेकीचं हसं होऊ नये, एवढं त्यांना फार वाटत होतं.

शुक्रवारी टिटवीनं रीळ रंगवायला घरी आणलं. रंगाचा पहिला हात देऊन ती मैत्रिणीकडून बारीक ब्रश आणायला गेली. बाबांनी रीळ उचलून पाहिलं. केवढं ओबडधोबड! त्यांनी हँडल फिरवलं. टकटक, टकटक.

"काय हा आवाज! बैलगाडी बरी," ते म्हणाले.

"तिचं तिला करू द्या," आई आतून ओरडली.

"अगं, फक्त जरा नीट करतो."

आवाज कुठून येतो ते त्यांनी शोधलं. बिजागरीचा एक वाकवलेला तुकडा चाकाच्या दात्यांवर घासत होता. चुकून राहिला असावा, असं समजून त्यांनी स्क्रू काढला आणि तुकडा स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग चाकाला तेल घातलं आणि सगळ्याला झकास निळा रंग दिला. टिटवी परत आली तेव्हा रीळ खोक्यात बांधून तयार होतं.

"रंग ओला आहे. आता उद्या शाळेतच उघड," बाबा म्हणाले.

टिटवीनं आणलेला ब्रश तसाच दप्तरात टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबाही खोकं घेऊन तिच्याबरोबर शाळेत आले. मंडळाच्या नियमाप्रमाणे मुलांनी आधी हँडल धरूनच रिकामी टोपली थोडी वर घेऊन पाहिली. टिटवी थबकली. "बाबा, आवाज का येत नाहीये?"

"तेल घातलंय ना! बघ कसं लोण्यासारखं फिरतंय."

बाबांनीच सांगितल्यावर टिटवीनं पुढे विचारलं नाही, की वाकून चाकाकडे पाहिलं नाही. इथेच घात झाला.

पालक खाली जमले. टोपलीखाली कुणी यायचं नाही म्हणून मुलांनी खडूनं मोठं वर्तुळ आखलं होतं. काकांनी टोपलीत पुस्तकं रचली. वर टिटवी हँडल फिरवू लागली. टोपली झुलत, डौलात कठड्यापर्यंत पोचली. टाळ्या वाजल्या! पुस्तकं उचलण्यासाठी टिटवीनं नेहमीसारखा हँडलवरचा हात काढला.

आणि टोपली सुसाट खाली गेली!

धाडकन आवाज झाला. वर्तुळात कुणी नव्हतं म्हणून निभावलं, पण पुस्तकं चारी दिशांना उडाली. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "यासाठी वर्षभराचा वेळ घालवला. आता हात वर करून टाकू या, म्हणजे विषय संपला."

"थांबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मुलांचं काम संपलेलं नाही."

"अहो बाई, मोडलं ते! कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर?"

"पडू नये म्हणूनच मुलांनी वर्तुळ आखलंय. सराव परीक्षेत चुकलं की आपण लाल फुली मारतो आणि पुढे जातो. इथे चुकलं की थांबून का चुकलं ते शोधावं लागतं, कारण काकांना उद्याही जिना चढायचाय. हे शिकायचं वय कोणतं, सांगा ना? आपण प्रत्येक वेळी त्यांच्या हातातून काढून घेतलं, तर ती शिकणार कधी?"

वर टिटवीचे डोळे भरून आले होते. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि मंडळाच्या पोरांना विचारलं, "कालपर्यंत चालत होतं. मधे काय बदललं?"

बाबांना ड्रॉवरमधला तुकडा आठवला. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण लेक तिथे उभी होती, आणि दोष तिच्या माथी बसणार होता. ते जिना चढून वर गेले.

"मी बदललं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आवाज करणारा एक तुकडा होता. तो मी काढला."

"बाबा! तो खटका होता! तो दात्यात अडकतो म्हणून टोपली खाली येत नाही. टकटक तेवढ्यासाठीच तर होती!"

"मला वाटलं, चुकून राहिलाय."

"मला विचारायचं ना," टिटवी म्हणाली. "तू मला कधीच विचारत नाहीस."

ती ओरडून बोलली नव्हती, तरी बाबांना ते फार लागलं. किती चित्रं, किती कव्हरं त्यांना एकदम आठवली. आपण लेकीला मदत करत नव्हतो, तिला तू कच्ची आहेस असंच रोज सांगत होतो!

"चुकलो गं, बाळा," ते म्हणाले. "आता मी काय करू?"

"टॉर्च धर," टिटवी म्हणाली.

तुकडा घरी राहिलेला. मग एका मुलानं हत्यारांच्या कपाटाचीच बिजागरी काढून आणली. टिटवीनं ती पकडीत घट्ट धरून हातोडीनं वाकवली. पहिला बाक जास्त झाला. बाबांचा हात पुढे झाला, पण बाईंकडे नजर जाताच त्यांनी तो मागे नेला. टिटवीनं पुन्हा वाकवली, कानस मारली, स्क्रू पिळला. पालक ताटकळले होते, तरी जागचं कुणी हललं नाही. डॉक्टरही मान वर करून बघत होते.

आधी रिकामी टोपली वर नेऊन झाली, मग भरलेली. टकटक, टकटक करत ती वर आली. या वेळी हँडल बाबांच्या हातात होतं.

"सोड हात," टिटवी म्हणाली.

बाबांची मूठ सुटेना. खाली एवढी माणसं!

"सोड ना, बाबा. मी बसवलाय खटका."

त्यांनी हात सोडला. 'टक्' असा एक आवाज झाला आणि टोपली तिथेच थांबली. खालून काकांनी पहिली टाळी वाजवली, आणि मग जिना दुमदुमला. मंडळ चालू ठेवण्यासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा पहिला वर गेलेला हात बाबांचा होता, निळ्या रंगानं माखलेला. डॉक्टरांनी जरा वेळ घेतला, पण केला वर.

मंडळी, आपल्या मुलांना उद्या हे जग दुरुस्त करायचं आहे, ते का आपण बांधून दिलेल्या खोक्यातून होणार आहे? त्यांना हत्यारं द्या, जागा द्या, चुकायला वेळ द्या. तुम्हाला खटकणारा आवाज कदाचित त्यांच्या कामाचा आधार असेल. हात लावण्याआधी निदान विचारा!

परवा टिटवी घरी मोडका पंखा खोलून बसली होती. स्क्रू चारी दिशांना पसरलेले. बाबा हात पाठीमागे बांधून शेजारी उभे होते. बोटं शिवशिवत होतीच, म्हणून त्यांनी एका हातानं दुसरा घट्ट धरून ठेवला होता.