आधी लिहा, मग बोला

आमच्या कोशात वाक्य बनवायला बंदी आहे. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याला आपल्या भाषेत जितके पर्याय असतील तितके खाली मांडायचे, आणि प्रत्येक पर्यायापुढे कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं वाक्य द्यायचं. वाक्य चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवायचं, खाली बोलणाऱ्याचं नातं किंवा धंदा, आणि तारीख. आमचे थोरले संपादक आता नाहीत, पण त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला नियम मी एकोणतीस वर्षं पाळला: आधी लिहा, मग बोला. उत्तर द्यायला गेलात की वाक्य निसटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याशी गप्पा मारणं ही एक शिक्षाच. समोरचा जीव तोडून काही सांगत असतो आणि आम्ही खिसे चाचपत पेन शोधत असतो.

माझ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच नातं आहे: मोठी बहीण. ताई एकटी राहते, माझ्यापासून दोन बस बदलून. रोज सकाळी अकराला तिचा ऑफिसात फोन यायचा. आमच्या विद्वान मंडळींच्या बोलण्यात नसते ती चव तिच्या साध्या तक्रारीत असते. मी फोन उजव्या कानाशी खांद्यानं दाबून धरायचो आणि लिहायचो.

उजव्या, कारण डावा लहानपणीच्या दुखण्यात अधू झाला. तेव्हापासून ताई माझ्याशी वरच्या पट्टीत बोलते आणि नेहमी माझ्या उजव्या हाताला बसते. मी एखादं काम विसरलो, की ती कुणाला काही बोलू देत नाही. "त्याला ऐकूच गेलं नसेल," म्हणते. हे पांघरूण मी आयुष्यभर ओढून घेतलं. उबदार होतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात 'इंटेन्शन' या शब्दाची प्रुफं आली. आमच्याकडे प्रुफं तपासणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे टाचणीबाई म्हणतात. चिठ्ठ्या टाचून ठेवतात म्हणून, आणि थोडं स्वभावावरूनही. पानावर वाक्यं पर्यायांप्रमाणे लावलेली असतात: हेतू, उद्देश, विचार, बेत, इरादा, मनात असणं. टाचणीबाई मात्र मूळ चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून तपासतात. त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू? ही बाई शेवटी गेली का डॉक्टरकडे?"

"कोण बाई?"

त्यांनी चार चिठ्ठ्या माझ्यासमोर ओळीनं ठेवल्या. चारही माझ्या अक्षरात, चारहींखाली 'मोठी बहीण'.

फेब्रुवारी: 'उजव्या डोळ्यापुढे धुरकट येतंय, एकदा दाखवून यायचा विचार आहे.' मे: 'तू बरोबर येणार असशील तर पुढच्या आठवड्यात जायचा बेत करू.' सप्टेंबर: 'तुला कामातून उठवायचा माझा इरादा नाही रे, पण त्या दवाखान्याचा जिना मला एकटीला दिसत नाही.' आणि पुढच्या वर्षीचा मार्च: 'तुझ्याबरोबरच जायचं मनात होतं, राहून गेलं. काल शेजारणीनं नेलं.'

"गेली," मी म्हणालो. "उशिरा."

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, वर्षभर आधी आल्या असत्या तर उरलेली राखता आली असती, असं डॉक्टरांनी शेजारणीला सांगितलं. आज ताईला खिडकीकडे तोंड केलं तर उजेड कळतो, बस.

ते सगळे फोन मला लख्ख आठवतात. सप्टेंबरचं वाक्य ऐकून मला आनंद झाला होता. 'इरादा' या शब्दाला बोलण्यातलं इतकं सहज वाक्य आम्ही तीन वर्षं शोधत होतो. मी ते उतरवलं, तारीख घातली, शाई वाळायची वाट पाहिली. तोवर ताई भाजीवाल्यावर घसरली होती आणि मीही हसून तिच्यामागून गेलो. नंतर तिनं शेजारणीला सांगितलं, "फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही गं. मी तरी किती ओरडू?"

वाक्यं बदलता आली असती. पण ताई या पानाची दोन वर्षं वाट पाहत होती. "छापलंस की वाचून दाखव हं, शब्दोबा," असं दर खेपेला बजावायची. रविवारी प्रुफं घेऊन मी गेलो.

तिची खोली नेहमीसारखी चोख होती. कपाटांचे कोपरे कापडानं गुंडाळलेले, फरशीवर भिंतीपर्यंत मोकळी वाट. ती हातानं चाचपत आली आणि माझ्या उजवीकडे बसली.

"वाच!" तिनं मोठ्यानं फर्मावलं. "माझी वाक्यं आधी."

तिला दिसत नव्हतं. माझ्या हातातल्या कागदावर काय आहे हे मी सांगेन तेच तिला कळणार होतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी वाक्य बनवलं.

"'विचार' या शब्दाखाली आहे तुझं. 'उन्हाळ्यात पडदे बदलायचा विचार आहे.'"

"हे मी म्हटलेलं नाही."

"म्हटलं असशील गं."

"पडद्यांचा कुणी विचार करतं का? मळले की मी उतरवते आणि धुते. कुणाचं तरी माझ्या नावावर खपवतोयस. माझं वाच."

मी कागद उगाच खालीवर केला. मग वाचलं. आधी फेब्रुवारी, मग मे, मग सप्टेंबर. चौथं वाक्य निम्म्यावर आलं आणि मी थांबलो, तर तिनंच ते पुरं केलं.

"जसंच्या तसं आहे," ती म्हणाली. "'रे'सुद्धा गाळला नाहीस." मग म्हणाली, "हे तू कधी लिहिलंस? नंतर आठवून?"

माझ्याकडे सोयीचं उत्तर होतं, तिनंच ते पुढे केलं होतं. पण ज्या कामापायी तिचे डोळे गेले त्यात तरी आता खोटेपणा नको वाटला.

"नाही. फोनवरच. तू बोलत होतीस तेव्हाच."

तिनं मान हलवली. साडीचा पदर मांडीवर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मी माफी मागितली. काय म्हणालो ते आठवत नाही, वाईट बोललो असेन. शब्दांचा धंदा करून ऐन वेळी माझ्याकडे धड एक वाक्य नव्हतं.

ती उठली. भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघराकडे निघाली, आणि दारात थांबून, पाठमोरीच, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "चहा घेशील?"

एवढ्या वर्षांत ती माझ्याशी कधी इतक्या हळू बोलली नव्हती. माझा अधू कान तिच्या दिशेला होता, ती खोलीच्या पलीकडे.

"हो," मी म्हणालो. मला स्पष्ट ऐकू आलं होतं.