मला गंध लावलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. तंजावूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये राहते. अंगाने बोटाएवढी, पण नखरे विचारू नका! माझ्या पोटात धातूच्या दोन पट्ट्या आहेत आणि सोवळं इतकं कडक, की डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसरं पाणी मला चालत नाही.

माझं काम ऐका. मोठमोठ्या रेणूंचं पातळ द्रावण माझ्यात भरतात. माझ्या पुढे-मागे दोन खास काचा अशा आडव्या-उभ्या लावतात, की पलीकडे उजेड जातच नाही. मग पट्ट्यांना क्षणभर वीज देतात. सैरावैरा फिरणारे रेणू एका दिशेला वळतात आणि पलीकडे उजेड दिसतो. वीज बंद केली की ते पुन्हा विस्कटतात, उजेड मावळतो. आखूड रेणू पटकन विस्कटतात, लांब रेणू सावकाश. त्या वेळेवरून त्यांची लांबी कळते. पंचवीस वर्षं मी हे काम चोख केलं. मग नवी यंत्रं आली आणि मी माझ्या लाकडी पेटीत, कपाटात पडून राहिले. फार वाईट वाटायचं हो!

मला बाहेर काढलं हरिताने. ती इथे संशोधन करते. तीन महिने खपून तिने माशांच्या कातडीतून प्रथिनाचे लांब धागे वेगळे केले होते. भाजलेल्या जखमेवरच्या पट्टीसाठी ते अखंड हवे होते. तुटले असतील, तर सगळी मेहनत पाण्यात. तेच माझ्यात तपासायचं होतं.

तेवढ्यात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. लॅब सांभाळणारे शेषगिरी अण्णा म्हणजे भाबडा जीव. त्यांनी सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लावलं. मलाही लावलं, तेही नेमकं काचेवर! दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, तर मला सरळ नळाखाली धरलं. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, क्षारांनी भरलेलं. मी ओरडले असते, पण काचेला तोंड कुठलं?

हरिताने द्रावण भरलं, वीज दिली. क्षारांमुळे वीज भलतीच वाहिली, द्रावण तापलं, उजेड नुसता थरथरला.

"तुटले सगळे धागे," हरिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले. बाटलीत उरलेलं चमचाभर द्रावण ती मोरीत ओतायला निघाली.

"ओतू नकोस, अम्मा!" अण्णा पुढे आले. ते तिला मायेने अम्माच म्हणतात. "गंध पुसायला मीच हिला नळाखाली धरलं. रागावशील म्हणून बोललो नाही."

"अय्यो अण्णा! आधी नाही का सांगायचं?" एवढंच ती म्हणाली. मग दोघांनी मिळून मला सात वेळा धुतलं, डिस्टिल्ड वॉटरने.

शेवटचा चमचा माझ्यात ओतला. उजेड आला, आणि वीज बंद झाल्यावर सावकाश मावळला. धागे अखंड होते! अण्णांना त्यातलं काही कळलं नाही, पण हरिता हसली म्हणून तेही हसले.

मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारा. आणि चूक झालीच, तर ती वेळेवर सांगा. तुम्हाला तोंड आहे.

यंदाच्या पूजेला अण्णा गंधाची वाटी घेऊन आले. माझ्यापाशी थबकले, बोट मागे घेतलं आणि म्हणाले, "अम्मा, हिला कुठे लावू?"

हरिताने माझ्या लाकडी पेटीचं झाकण पुढे केलं.